माळ्यावरची जुनी पोस्टकार्डं: किंमत कशी काढायची, कुठे विकायची

दिवाळीची साफसफाई झाली की मला चार-पाच फोन ठरलेले. "काका, आजोबांच्या ट्रंकेत कार्डांचा गठ्ठा निघालाय. शंभर वर्षांपूर्वीची आहेत. किती येतील हो?" मी पंचवीस वर्षं जुनी पोस्टकार्डं जमवतोय, अधूनमधून विकतोही, दुकान मात्र नाही. फोनवर मी एवढंच सांगतो की अजून कोणाला दाखवू नका, ग्रुपवर फोटो टाकू नका आणि कृपा करून तिकिटं कापू नका. रविवारी गठ्ठा घेऊन या, एकेक कार्ड बघू. त्या रविवारी आम्ही जे करतो ते इथे क्रमाने लिहितोय.

सुरुवातीलाच एक निराशा पचवून टाका. कार्ड जुनं आहे म्हणून महाग, असं नसतं. आपल्याकडे पहिलं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी निघालं. किंमत पाव आणा, म्हणजे रुपयाला चौसष्ट कार्डं. इतकं स्वस्त असल्यामुळे लोकांनी ती भरमसाट वापरली आणि आपल्या लोकांना कागद टाकवत नाही, त्यामुळे ती भरमसाट उरलीही. १९०५ सालचं, घडी पडलेलं, "सर्व क्षेम, मुलांना आशीर्वाद" एवढाच मजकूर असलेलं कार्ड आजही दहा-वीस रुपयांना पडून असतं. त्याच गठ्ठ्यातलं शेजारचं कार्ड दोन हजारांना जाऊ शकतं. ते दुसरं कार्ड ओळखता यावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी काय करू नये

हात धुवा, कोरडे करा, टेबलावर स्वच्छ चादर पसरा. गठ्ठ्याला रबर असेल तर ओढू नका. जुनं रबर वितळून कागदाला चिकटलेलं असतं. कात्रीने कापा आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या. गंजकी टाचणी असेल तर कार्ड ओढण्याऐवजी टाचणी हळूहळू फिरवत काढा. गठ्ठ्याचा क्रम मोडू नका. एकाच माणसाची दहा वर्षांची कार्डं एकत्र असली तर तो संच वेगळा विकला जातो, सुटा केला की त्याची मजा जाते.

फाटलं म्हणून सेलोटेप लावू नका. घडी पडली म्हणून इस्त्री फिरवू नका. हसू नका, माझ्याकडे इस्त्री केलेली कार्डं आलेली आहेत. लॅमिनेशन तर कधीच नाही. एका गृहस्थांनी प्रेमापोटी आजोबांची चाळीस कार्डं लॅमिनेट करून आणली होती. त्या कार्डांना नातवंडांशिवाय आता कोणी वाली नाही.

जुन्या घरांत दाराच्या मागे किंवा खुंटीला एक आकडेदार तार असायची. आलेलं पत्र वाचून झालं की तिला टोचायचं. त्यामुळे आपल्याकडच्या कार्डांना बरोबर मध्ये भोक असतं. बाहेरचा ग्राहक अशा भोकाला नाक मुरडतो, भाव पाडतो, आणि तो त्याच्या जागी बरोबर आहे. आपल्याकडच्या जमवणाऱ्यांना ते अपेक्षितच असतं. फाटलेला कोपरा मात्र नीट बघा. कोणी गेल्याची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत होती. वर "श्री" लिहीत नसत, आणि घेणाऱ्याने ते वाचून घरात ठेवायचं नसे, फाडून टाकायचं. म्हणजे अशी कार्डं टिकलेली कमी. कोपरा फाटलेलं दिसलं की ते "खराब" ढिगात टाकण्याआधी दोन ओळी वाचा.

दोन ढीग

ज्या कार्डावर तिकीट छापलेलंच आहे, ते सरकारी कार्ड. संग्राहक त्याला पोस्टल स्टेशनरी म्हणतात. ज्याच्या एका बाजूला चित्र किंवा फोटो आहे आणि तिकीट वरून चिकटवलंय, ते चित्रकार्ड. बाजारात त्याला व्ह्यू कार्ड किंवा पिक्चर पोस्टकार्ड म्हणतात. दोन्हींचे ग्राहक वेगळे आणि भाव ठरवायची रीतही वेगळी. जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी दुसरं कोरं कार्ड जोडून आलेलं, दिसलं तर बाजूला ठेवा. दोन्ही अर्धी एकमेकांना जोडलेली असतील तर फाडू नका. वापरलेल्या कार्डांत अशी जोडी सहसा दिसत नाही, कारण उत्तर पाठवायचं म्हणजे अर्धं फाडावंच लागे.

सरकारी कार्डाचं वय

छापील तिकिटावर कोणाचं डोकं आहे ते बघा. राणी व्हिक्टोरिया असेल तर कार्ड एकोणिसाव्या शतकातलं किंवा विसाव्याच्या अगदी तोंडावरचं. दाढीवाले दोन राजे आहेत. टक्कल पडलेला सातवा एडवर्ड, भांग पाडलेला पाचवा जॉर्ज. दाढी नसलेला सहावा जॉर्ज म्हणजे १९३७ नंतरचा. पाव आण्याचा दर १९२२ पर्यंत टिकला, मग अर्धा आणा झाला. किंमत "नये पैसे" अशी असेल तर १९५७ ते १९६४ मधलं कार्ड. पत्त्याखाली पिनकोडचे सहा चौकोन असतील तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पिनकोडची ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले, संस्कृत कवी. ऐंशीच्या दशकातली पंधरा पैशांची कार्डं अजून घरोघरी कोरी पडलेली आहेत. त्यांचं काही येत नाही.

मजकुरावरची तारीख बहुतेकदा शक्यात असते: "मिती आश्विन वद्य ५ शके १८४०". त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळतं. पौष ते फाल्गुनातलं कार्ड असेल तर १ जानेवारी उलटलेली असू शकते, मग ७९. टपालाचा शिक्का वाचता आला तर ताळा करा. कार्डावर सहसा दोन शिक्के असतात, एक टाकल्याचा, एक पोहोचल्याचा.

शिक्का बघा, भिंगातून

दहापट मोठं दाखवणारं भिंग दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. या धंद्यातली तुमची गुंतवणूक एवढीच.

मुंबई, पुणे, कलकत्ता असे शिक्के सर्रास असतात. लहान गावाचा, पुढे बंद झालेल्या पोस्टाचा स्पष्ट गोल शिक्का हवा असणारे लोक आहेत. जिल्ह्यागणिक असे वेडे असतात. माझ्या ओळखीचा एक जण फक्त रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोस्टांचे शिक्के जमवतो. आतला मजकूर तो वाचतही नाही. "एक्सपेरिमेंटल पी. ओ." असं दिसलं तर ते गावात पोस्ट चालतं का हे बघण्यापुरतं उघडलेलं ऑफिस असायचं. "आर. एम. एस." म्हणजे रेल्वेतली टपाल छाटणी. "एफ. पी. ओ." आणि आकडा म्हणजे लष्करी पोस्ट, दोन्ही महायुद्धांत मराठे पलटणी बाहेर होत्या, त्यामुळे सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत अशी कार्डं निघतात, त्यांवर सेन्सॉरचा शिक्काही असतो. ती कधीच गठ्ठ्यात देऊ नका.

१५ ऑगस्ट १९४७ चा शिक्का आणि त्यात "जय हिंद" असेल तर कार्ड बाजूला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं, त्या फेरीचं काही निघालं तर तेही. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला यमुनेपलीकडे विमानाने टपाल गेलं, जगातलं पहिलं अधिकृत विमान टपाल ते. त्याचं कार्ड तुमच्या ट्रंकेत असण्याची शक्यता फार कमी, आणि निघालंच तर हा लेख बाजूला ठेवून थेट लिलाववाल्याकडे जा.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाच्या टपालाची कार्डं असतात, इंदूर-ग्वाल्हेरशी सोयरीक असलेल्यांकडे तिकडची. ग्वाल्हेरच्या कार्डांवर ब्रिटिश छपाईवर संस्थानाचं नाव देवनागरीतही उमटवलेलं असतं. गोव्यात १९६१ पूर्वीची पोर्तुगीज कार्डं. किंमत रेइस किंवा टांगा या तिकडच्या चलनात, शिक्का नोव्हा गोवा म्हणजे आपली पणजी. या सगळ्यांचे ग्राहक वेगळे आहेत, पोर्तुगालमध्येही आहेत.

मजकूर, आणि मोडीची अडचण

इथे बहुतेक जण हात टेकतात. जुन्या कार्डांवर मजकूर मोडीत असतो. रेघ ओढून सलग लिहिलेली ती अक्षरं बघून लोक "काहीतरी हिशोब असेल" म्हणून सोडून देतात. मोडी शिकवणारे वर्ग पुण्या-मुंबईत आणि ऑनलाइन चालतात, शिकणाऱ्यांना वाचायला कागद हवेच असतात. फोटो पाठवलेत तर कोणीतरी वाचून देतं. वाचून घेतल्याशिवाय मोडी कार्ड विकू नका, हा माझा एकमेव हट्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी एक बाई त्यांच्या पणजोबांची साठेक कार्डं घेऊन आल्या. पाचव्या जॉर्जचं पाव आण्याचं कार्ड, मध्ये तारेचं भोक, एक कोपरा दुमडलेला, शिक्का पुसट. मी स्वतः ते वीस रुपयांच्या ढिगात टाकलं होतं. त्यांच्या भाच्याने मोडी वाचून दाखवलं. मुंबईत गिरणीत असलेल्या मुलाने गावी मामांना लिहिलेलं, मिती आश्विनातली, शके १८४०. म्हणजे १९१८चा ऑक्टोबर. चाळीत मानमोडीने कोण कोण आजारी आहे, खोलीतले दोघे गेले, मुकादम हजेरी भरत नाही, आणि शेवटी "इकडे येण्याचे करू नये". इन्फ्लुएन्झाच्या साथीला तेव्हा मानमोडी म्हणत. बाईंनी ते आठवडाभर घरी ठेवलं, स्कॅन केलं, मग साथींचा इतिहास जमवणाऱ्या एकाला अडीच हजारांना दिलं. वीस रुपये आणि अडीच हजार, यांतला फरक फक्त वाचण्याचा होता, आणि मी वाचलं नव्हतं.

तेव्हा मजकुरात काय शोधायचं? प्लेग, दुष्काळ, पूर, साथ. स्वातंत्र्याच्या चळवळीतली धरपकड. तुरुंगातून आलेलं कार्ड. नाटक कंपनीच्या मुक्कामाची बातमी. शाळेच्या वसतिगृहातून आलेली पैशाची मागणी सुद्धा, जर शाळा नावाजलेली असेल. अडत्यांच्या कार्डांकडे लोक दुर्लक्ष करतात. बार्शी, लातूर, अमरावतीच्या पेढ्यांनी छापील शिरोभागाच्या कार्डावर कळवलेले कापसाचे, गुळाचे, ज्वारीचे भाव. त्या पेठेचा इतिहास लिहिणाऱ्याला ती सोन्यासारखी वाटतात. भाव फार येत नाही, पण ग्राहक नक्की मिळतो.

एखाद्या थोरामोठ्याचं हस्ताक्षर निघालं तर शांत राहा. गांधीजी पोस्टकार्डांचा सढळ वापर करत, त्यांची खरी कार्डं बाजारात येतात, आणि खोटीही. घरी ते कार्ड कसं आलं, आजोबांचा त्यांच्याशी संबंध काय, पाठोपाठचा दुसरा पत्रव्यवहार आहे का, हे एका कागदावर लिहून काढा. या पुराव्याशिवाय नुसत्या सहीला चांगला घेणारा हात लावत नाही. सही भिंगाखाली धरा: शाई कागदात मुरलेली, जाड-बारीक दिसते, छापलेली सही एकसारखी किंवा ठिपक्यांची दिसते.

चित्रकार्ड

मागची बाजू आधी बघा. पत्त्याची आणि मजकुराची जागा उभ्या रेघेने विभागलेली नसेल, म्हणजे एक पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असेल, तर कार्ड साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतलं. ब्रिटनने १९०२ मध्ये विभागलेली पाठ चालू केली, इतरांनी मागोमाग. अशा जुन्या कार्डांत लोक मजकूर चित्राच्या कडेला, आभाळात, समुद्रात कुठेही लिहीत. त्याने भाव फारसा उतरत नाही. "प्रिंटेड इन जर्मनी" किंवा "सॅक्सनी" असेल तर बहुधा १९१४ च्या आधीचं, कारण नंतर लढाई सुरू झाली.

खाली प्रकाशकाचं नाव बारीक अक्षरात असतं. मुंबईचे क्लिफ्टन आणि कंपनी, लंडनचे राफाएल टक, कलकत्त्याचे जॉन्स्टन आणि हॉफमन, दिल्लीचे एच. ए. मिर्झा, नोव्हा गोव्याचे सौझा आणि पॉल ही नावं लक्षात ठेवा. टकची कार्डं पुष्कळ आहेत, देखणी आहेत आणि त्यामुळेच स्वस्त आहेत. आपल्यासाठी मानाचं पान म्हणजे कोल्हापूरचे, जे. जे. कलाशाळेतले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर. शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईतल्या माणसांची चित्रं कार्डांसाठी काढली: मोलकरीण, दूधवाली, डॉक्टरीणबाई, थोड्या खट्याळ नजरेने. त्यांची सही असलेलं चांगल्या स्थितीतलं कार्ड काही हजारांना जातं. रविवर्मा छापखान्याच्या कार्डांनाही मागणी आहे. हा छापखाना मुंबईतून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला होता. पण देवादिकांच्या चित्रांची नंतरची नक्कल फार आहे, जपून.

कोणतं चित्र विकलं जातं, याचा एक ढोबळ नियम: फिरायला आलेल्या साहेबाने जे घेतलं असेल ते स्वस्त. राजाबाई टॉवर, व्ही. टी., माथेरानची दरी, महाबळेश्वरचे पॉइंट हजारोंनी छापले गेले. गाडीतळ, बाजारपेठ, गिरणीचं फाटक, रेल्वे स्टेशनचा फलाट, लहान गावातली मिरवणूक यांचं कार्ड कमी छापलं गेलं आणि आज त्या गावचा माणूस त्याच्यासाठी वेडा होतो. नगर, सोलापूर, धुळ्याचं स्पष्ट दृश्य मुंबईच्या दहा कार्डांना भारी पडतं. १९५०-६० मधल्या नट-नट्यांच्या फोटोकार्डांचा वेगळाच बाजार आहे, त्यात नूतन, मधुबाला, गीताबाली हातोहात जातात.

मुंबईचं कार्ड असेल तर इमारतींवरून वय काढण्यात मला स्वतःला फार मजा येते. अपोलो बंदराचं दृश्य आहे, ताज हॉटेल आहे आणि गेटवे नाही? मग १९०३ नंतरचं आणि गेटवे पुरा झाला त्या १९२४ च्या आधीचं. ट्रामला घोडे आहेत तर विजेची ट्राम आली त्या १९०७ च्या आसपासचं किंवा आधीचं. वर तारा दिसतात तर नंतरचं. फोर्टात आजचं जी.पी.ओ. दिसतंय म्हणजे १९१३ नंतरचं. पाठीमागच्या शिक्क्याचं साल यापेक्षा उशिराचं असू शकतं, कारण दुकानात कार्ड दहा वर्षं पडून राहत असे.

आता पुन्हा भिंग. चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. ठिपके नाहीत, सावल्या सलग विरघळत गेल्यात, काळ्या भागावर तिरप्या उजेडात चंदेरी झाक मारते, तर तो खरा फोटो, "रिअल फोटो". अशा कार्डाच्या मोजक्याच प्रती निघत, कधी एकच. छापील आणि फोटो, दोन्हीत तेच दृश्य असेल तर फोटोला बहुतेकदा दोन-तीनपट मिळतात.

नकली ओळखायला अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात साधारण १९५० नंतर आली. १९०८ चं म्हणवणारं कार्ड चमकत असेल तर प्रश्न मिटला.

हालत

कोपरे, घडी, कडेचे फाटे, कसरीने खाल्लेली भोकं, बुरशीचे तपकिरी डाग, अल्बममधून ओरबाडून काढल्याच्या खुणा आणि कडा कापल्यात का. शेवटचं मोजून बघा, अलीकडचं सरकारी कार्ड साधारण १४ बाय ९ सेंटिमीटर, राणीच्या काळातलं त्याहून लहान. फ्रेममध्ये बसवायला कडा छाटलेलं कार्ड निम्म्याहून खाली जातं. तिकीट सोलून काढलेलं असेल तर त्याहून खाली. शिक्का, मजकूर किंवा गाव दुर्मीळ असेल तर मात्र लोक डाग पोटात घालतात.

भाव काढणे

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. कोणीतरी ई-बेवर एका साध्या कार्डाला पन्नास हजार लावून ठेवलेले असतात, ते वर्षानुवर्षं तिथेच असतं, आणि तुमचा भाचा नेमकं तेच शोधून आणतो. ई-बेवर "विकलेल्या वस्तू" एवढंच दाखवण्याची सोय आहे, ती लावा. डेलकॅम्प ही बेल्जियमची साइट फक्त जमवण्याच्या वस्तूंसाठी आहे, तिथे संपलेले लिलाव बघता येतात. तेच दृश्य, तोच प्रकाशक, साधारण तीच हालत असे तीन सौदे मिळाले तर मधला आकडा वहीत लिहा. सर्वात मोठा आकडा विसरा.

तो आकडा ग्राहकाने दिलेला आहे. दुकानदार त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत देईल, आणि ते लुबाडणं नव्हे. त्याला ते दोन वर्षं सांभाळायचंय. माझ्या अनुभवात साधी वापरलेली सरकारी कार्डं गठ्ठ्याने दहा-वीस रुपये नग, मुंबईची सर्वसाधारण चित्रकार्डं शंभर ते चारशे, चांगल्या गावाचा रिअल फोटो हजाराच्या पुढे. हा फळ्यावरचा दर समजू नका, तुमचं कार्ड यातल्या कुठल्या ओळीत बसतं एवढाच अंदाज घ्या.

कुठे न्यायचं

रद्दीवाला वजनावर घेतो. पुण्यात मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट इथे सरसकट गठ्ठा खपतो. वेळ नसेल, कार्डं साधी असतील तर ठीकच आहे. पण जायच्या आधी वरचं सगळं करून झालेलं असू द्या.

चांगल्या दहा-वीस कार्डांसाठी प्रदर्शन उत्तम. पुण्यात इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्सचं कॉइनेक्स हे जुन्या नाण्यांचं आणि दुर्मीळ वस्तूंचं प्रदर्शन भरतं, टपाल खात्याचं राज्यस्तरीय महापेक्स असतं. तिथे एका छताखाली वीस-तीस विक्रेते मिळतात. पहिल्या दिवशी काही विकू नका, नुसतं फिरा, ऐका, तीन जणांना विचारा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर भाव ठरवायला विक्रेते मोकळे असतात. मोठ्या शहरांतल्या पोस्टांत फिलाटेली ब्युरो, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीचा विभाग, असतो. ते जुनी कार्डं विकत घेत नाहीत, पण तिथे येणाऱ्या नेहमीच्या लोकांशी गाठ पडते आणि जमवणाऱ्यांच्या स्थानिक मंडळाचा पत्ता लागतो. मंडळाच्या महिन्याच्या बैठकीत दाखवलेलं कार्ड बरेचदा योग्य माणसाकडे जातं, दलालाशिवाय.

लिलावाचा विचार फक्त भारी मालासाठी. मुंबईत टोडीवाला, बंगळुरूत मरुधर आर्ट्स अशी लिलावघरं मुख्यतः नाणी-नोटांची, पण टपालाच्या वस्तूही घेतात. विकणाऱ्याकडून किती टक्के, विकलं नाही गेलं तर काही आकार का, पैसे किती दिवसांत, हे लेखी घ्या. शे-दोनशेच्या कार्डासाठी त्यांना त्रास देऊ नका.

ऑनलाइन विकायचं तर फेसबुकवर जमवणाऱ्यांचे ग्रुप आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री लिलाव चालतात. पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचे सरळ, दिवसाउजेडी घेतलेले फोटो टाका, दोष स्वतःहून सांगा. ई-बेचं भारतापुरतं दुकान २०१८ मध्ये बंद झालं, जागतिक साइटवर विकता येतं. पण तिथे एक कायदा आडवा येतो.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी ऐतिहासिक वस्तू आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचा पंचाहत्तर वर्षं जुना कागद खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. साधं कार्ड या व्याख्येत बसतं का, यावर वाद घालता येईल. कस्टमच्या खिडकीवर तो वाद तुम्हाला घालायचा नाहीये. पुरातत्त्व खात्याकडून "ही पुरावस्तू नाही" असा दाखला मिळतो. तो नको असेल तर जुना माल देशातच विका. परदेशी ग्राहकासाठी मी फक्त अलीकडची कार्डं ठेवतो.

व्यवहार करताना

ओळखीच्या विक्रेत्यालाही "बघून सांगतो" म्हणून गठ्ठा देऊ नका. मी एकदा दिला होता. परत आला तेव्हा गठ्ठा तेवढाच जाड होता, पण त्यातली फौजी पोस्टाची तीन कार्डं जाऊन पाव आण्याची तीन आली होती. माझ्याकडे ना मोजदाद, ना फोटो. तोंड मिटून घरी आलो. तेव्हापासून पेन्सिलीने पाठीच्या कोपऱ्यात हलका क्रमांक घालतो, दोन्ही बाजू स्कॅन करतो आणि समोर बसूनच दाखवतो.

"तुमच्या कार्डाला तीन लाख देतो, आधी नोंदणीचे साडेआठशे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने हा प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं की आम्ही असल्या व्यवहारात नसतो, आमच्या नावाने कोणी शुल्क मागितलं तर देऊ नका. पोस्टकार्डांतही तीच माणसं शिरलीत. खरा ग्राहक तुमच्याकडे पैसे मागत नाही.

पैसे आल्यावरच माल पाठवा. कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात, पीव्हीसी नसलेल्या. दोन्ही बाजूंनी कार्डापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे, वर पाण्यापासून आणखी एक पिशवी, आणि स्पीड पोस्ट. पावसाळ्यात मी भारी कार्ड पाठवतच नाही, ग्राहकाला दसऱ्यापर्यंत थांबवतो. विकेपर्यंत घरी ठेवायची असतील तर कपाटाच्या भिंतीकडच्या फळीवर नको, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डब्यात ठेवा; डांबराच्या गोळ्या कार्डांना लागू देऊ नका.

शेवटी पन्नासेक कार्डं अशी उरतात ज्यांना कोणी विचारत नाही. मानमोडीच्या कार्डवाल्या बाईंकडेही उरली. मोडीतली होती ती त्यांनी भाच्याच्या वर्गाला देऊन टाकली, सरावाला. उरलेल्या देवनागरीतल्या एकात त्यांच्या आजीच्या डोहाळजेवणाचं बोलावणं निघालं. त्याला पाच हजार दिले तरी देणार नाही म्हणाल्या. पाच हजार कोणी देतही नव्हतं, पण मी ते बोललो नाही.